पाचव्या पेटीची दृष्ट

"माझ्या बुरशीचा खून झालाय," जांदिरा म्हणाली आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

इफिजेनियाचा धंदा भटके नवरे शोधून देण्याचा. मिनास प्रांतातल्या त्या गावात त्यावर बरं चालायचं. बुरशीचं प्रकरण पहिलंच. तिचा शेजारी बेल्मिरो निवृत्त दंतवैद्य. गाडी त्याची असल्यामुळे तो प्रत्येक तपासात असायचा. त्याने सहानुभूतीने बुरशीचं वय विचारलं.

"सात वर्षं," जांदिरा म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. भूल दिलेले पेशंट असेच बोलतात, हे बेल्मिरोला अनुभवाने ठाऊक होतं.

पानकापू मुंग्या पानं खात नाहीत, हे तिने त्याला दोनदा समजावलं. त्या पानं कापून बुरशीला घालतात आणि बुरशी खातात. बुरशी मेली की वारूळ संपलं. जांदिरा कृषिकेंद्रात तिळाच्या पानांचा अर्क देऊन हीच बुरशी मारायच्या प्रयत्नात होती. काचेच्या पाच पेट्या. चार पेट्यांना अर्क, पाचवीला तुलनेसाठी फक्त गुलाबाची पानं. अर्काच्या चारही पेट्या ठरल्याप्रमाणे मेल्या. मग सुट्टीच्या दिवसांत पाचवीही मेली.

"सोमवारी समिती येतेय. न दिलेल्या औषधानेही बुरशी मरते म्हटल्यावर ते काय म्हणतील? सात वर्षं कचऱ्यात."

"जेवलीस का?" इफिजेनियाने विचारलं.

"आठवत नाही."

केंद्राच्या दारातच जांदिराची मावशी देओलिंदा डबा घेऊन उभी होती. आईमागे पोरीला तिनेच वाढवलेलं. तिने बेल्मिरोला आपादमस्तक न्याहाळलं, चुकचुकली आणि त्याच्या कानामागे सतापीची, दृष्ट काढायच्या उग्र वासाच्या झुडपाची, काडी खोचली. "असू दे. तुमच्यावर कुणाचा तरी डोळा आहे." बेल्मिरोवर तीस वर्षांत कुणाचा डोळा पडला नव्हता. तो थोडा सुखावला.

पहिला संशय केंद्रातल्याच डॉक्टर हेराक्लितोवर. त्याचं मुंग्यांवरचं रासायनिक विष बाजारात होतं, आणि तिळामुळे त्याचा खप बसला असता.

"मला तिची बुरशी मारायची गरज काय? तिची भाषणं ऐकून ती आपोआप मरेल," तो म्हणाला. "आणि माझं विष खाल्लेली मुंगी चालत नाही, बाई. पाय वर करते."

दुसरा संशय रखवालदार निकानोरवर. खोलीची किल्ली त्याच्याकडे, आणि त्याचे गुलाब अंगणातल्या मुंग्यांनी बोडके केलेले. काचेतल्या मुंग्यांशी भांडण नाही, असं तो म्हणाला. त्या तुरुंगात आहेत. बाहेरच्यांना तो उकळतं पाणी दाखवतो. सुट्टीत फक्त मावशीला दार उघडून दिलं होतं. जांदिराचा डबा ठेवायला.

तो बोलत असताना बेल्मिरो वाकला आणि त्याच्या कानामागची काडी वाफ्यात पडली. अंगणातल्या मुंग्यांनी तिचे तुकडे केले आणि मिरवणुकीने घेऊन गेल्या. मावशीने लगेच दुसरी खोचली.

"मुंग्यांनी नेली म्हणजे भारी दृष्ट होती," ती म्हणाली.

पाचव्या पेटीत मुंग्या जिवंत होत्या. उपाशी, सैरभैर, पण जिवंत. बुरशी करडी पडून बसली होती; कोपऱ्यात मूठभर पांढरी उरली होती. कचऱ्याच्या कप्प्यात काळे तुकडे आणि बारीक हिरवट देठ. इफिजेनियाने एक देठ हुंगला.

"तिळाच्या पेट्यांतल्या मुंग्यांना नंतर तीळ घातलास तर?" तिने विचारलं.

"शिवणार नाहीत," जांदिरा म्हणाली. "ज्या पानाने बुरशी आजारी पडते, ते त्या कितीतरी आठवडे लक्षात ठेवतात."

"नवरे असे असते तर माझा धंदा बसला असता. सगळ्यांना बोलव."

सगळे जमल्यावर तिने पेटीत गुलाबाचं पान ठेवलं. मुंग्या तुटून पडल्या. तिळाचं ठेवलं. तेही कापलं.

"म्हणजे तिळाचा अर्क इथे कुणी टाकलेला नाही. डॉक्टरांचं विष किंवा निकानोरचं पाणी असतं तर आधी मुंग्या मेल्या असत्या. इथे मुंग्या जिवंत, बुरशी मेलेली. मारेकरी पान आहे, आणि मुंग्यांना ते माहीत आहे."

तिने बेल्मिरोच्या कानामागची काडी काढली, अर्धी मोडून पेटीत ठेवली, उरलेली परत खोचली.

मुंग्या आल्या, हुंगल्या आणि लांबून वळसा घालून गेल्या.

"अंगणातल्या मुंग्यांनी हीच आनंदाने नेली, कारण त्यांना अजून अनुभव नाही. यांना आहे. कचऱ्यातल्या देठांनाही हाच वास आहे. देओलिंदाबाई, डबा ठेवताना अजून काय ठेवलंत?"

मावशीने हात झग्याला पुसले. "सतापीची जुडी. पेटीच्या उघड्या तोंडावर टांगली होती. समिती यायची, पोरीची सात वर्षं त्यात. दृष्ट लागू नये म्हणून."

"जुडी गेली कुठे?"

"दुसऱ्या दिवशी नव्हती. मला वाटलं, दृष्ट घेऊन गेली." मग हळूच जांदिराला, "घेतलीच की. पेटीवर गेली, तुझ्यावरची टळली."

जांदिरा काचेतून करड्या गोळ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं.

"तिळाला महिना लागला होता," ती अखेर म्हणाली. "हे सुट्टीच्या दिवसांतच झालं. मावशी, परसात सताप किती आहे?"

"का गं?"

"सगळी काढ. समितीसमोर अंगणातल्या वारुळाला घालायची." मग तिने डबा उघडला आणि उभ्याउभ्याच भात खायला लागली.

बेल्मिरोने कानामागची अर्धी काडी काढून तिच्यासमोर ठेवली. विज्ञानाला तेवढीच मदत. तेवढ्यात हेराक्लितो आपल्याकडे एकटक बघतोय असं त्याला दिसलं. त्याने काडीची दोन पानं तोडली आणि परत कानामागे खोचली.