भागुबाईचा मणी

गोष्ट २०१८ सालची, दिवाळी नुकतीच सरली होती. मृणाल मांडव्याला बोटीतून उतरून किहीमला सुचितामामीकडे आली, ती प्रबंध संपवायला. सोन्याचे पाच-सात अणू एकत्र आले की एकमेकांना कसे धरून बसतात, हे ती संगणकावर मांडून पाहत असे.

मामीच्या गळ्यात सोन्याच्या मण्यांची पोत होती. त्यातला एक मणी सदा ओला दिसे. मामी तो रोज रिठ्याने धुवी, पदराने पुशी. थोड्या वेळाने पुन्हा बुळबुळीत. वाढायला मामी वाकली की शिळ्या तोंडाचा, मिश्रीचा वास ताटावर उतरे. मृणालला घास गिळवेना. दमट हवा, घाम, असं तिने स्वतःला समजावलं.

शेवटी मामीनेच सांगितलं. जन्मभर मिश्री लावणारी सासू भागुबाई गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे तिच्या तोंडात सोन्याचा मणी घातला होता. तो अस्थींबरोबर समुद्रात जायचा; पण राख सावडताना मामीच्या हाती लागला. सोनं वाया कशाला घालवायचं म्हणून तिने तो दयाराम सोनाराकडून पोतीत ओवून घेतला. आता समुद्राला देऊन टाकायचा होता, तर पोत निघत नव्हती. मणी मानेमागे, गाठीपाशी कातडीला चिकटला होता.

"सोनं चिकटत न्हाय ना गं बाय? तू तर त्याचंच शिकतेस."

"दागिन्यातलं नाही चिकटत, मामी. मोजकेच अणू असले की त्याचा स्वभाव बदलतो. संख्या विषम असली तर एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहतो. मग मिळेल त्याला धरतो. पण एवढ्या मोठ्या मण्यात असलं काही होत नाही."

मामीने मानेमागे बोट नेलं, ओलं झालं तसं पदराला पुसलं.

"सासूबाईंना पण एकटं निजवत न्हवतं," ती म्हणाली.

पोत कापायला घेतलेली कात्री गंजलेली होती. दोरा तुटेना. मृणालने श्वास रोखला आणि तो दातांनी तोडला.

ओठ सुटावेत तसा ओला आवाज झाला.

मणी फरशीभर उडाले. मामीच्या मानेवर हिरडीसारखा पांढरट, भिजका वण होता.

दोघींनी घर झाडून काढलं. कोरडे मणी सगळे मिळाले.

ओला मिळाला नाही.

दयारामने पुढे दुकान मुलाकडे सोपवलं; मोडीचं सोनं तो हातात घेत नाही. मामी श्रीवर्धनला लेकीकडे असते, बरी आहे, गळ्यात नुसता काळा दोरा घालते. मृणाल पुण्यात शिकवते. सकाळी चूळ भरताना ती दिवा लावत नाही. तरी बेसिन काळं झालेलं दिसतंच, आणि मिश्री तिने जन्मात कधी लावलेली नाही.