फोटोतली तिसरी जागा

पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर एकच फोटो होता आणि तो डॉ. हर्षदा काळोखेच्या डोळ्यांत रोज खुपत असे. हिमालयातली लांग्चा खिंड, उंची पाच हजार तीनशे मीटर, मागे बर्फ आणि पुढे दात काढून उभी असलेली कॉलेजातली दोन पोरं, विश्राम आणि मैथिली. हर्षदाही त्या सहलीत होती. पण आदल्याच मुक्कामावर विरळ हवेने तिला गाठलं आणि ती तंबूत ओकत पडली. खिंड उतरता उतरता त्या दोघांचं जमलं, पुढे लग्नही झालं. आपण वर पोचलो असतो तर त्या दोघांचं जमलं असतं का, हे हर्षदाने कुणालाही विचारलं नव्हतं. स्वतःला मात्र एकवीस वर्षं विचारत होती.

आता तिघंही एकाच प्रकल्पावर होती. हर्षदाने आठ वर्षं खपून ‘प्राणकण’ तयार केले होते. बंद खोलीतल्या चाचण्या पार पडल्या होत्या, आता खऱ्या डोंगरातली चाचणी उरली होती.

“पुन्हा एकदा सांग,” विश्राम म्हणाला. तो डॉक्टर, उद्या काही बिघडलं तर निस्तरायचं त्यालाच होतं.

“रक्तातल्या तांबड्या पेशींहून कितीतरी बारीक कण,” हर्षदा म्हणाली. “एक मात्रा टोचली की चोवीस तास ते फुप्फुसातून प्राणवायू उचलून शरीरभर पोचवतात. खिंडीत चाललीस तरी पर्वतीवर फिरायला आल्यासारखं वाटेल.”

“चाललास,” मैथिली हसून म्हणाली.

“तू नाहीस टोचून घेणार, विशा,” हर्षदा विश्रामला म्हणाली. “आम्ही दोघी घेणार. म्हणून ‘चाललीस’.”

“बरं. तोटे?”

“दोन. शरीराला उंचीचा पत्ताच लागत नाही, त्यामुळे ते विरळ हवेची सवय करून घेत नाही. म्हणजे वर असेपर्यंत मात्रा रोज हवीच. आणि एका दिवसात दोन मात्रा गेल्या तर रक्त दाटतं. मग मात्र तुझ्याही हातात काही राहत नाही.”

चाचणीची आखणी शरीरशास्त्रज्ञ मैथिलीची होती. “दुहेरी गुपित चाचणी करू. एकीच्या पेनांत प्राणकण, दुसरीच्या पेनांत नुसतं मिठाचं पाणी. मधुमेहाचे रुग्ण वापरतात तसली पेनं, सगळी एकसारखी, नाव फक्त डब्यावर. कुणाच्या डब्यात काय, ते आपल्या दोघींनाही ठाऊक नाही आणि विशालाही नाही. पेनं प्रयोगशाळेतलं दुसरं कुणी भरेल, त्याची सीलबंद चिठ्ठी विशाच्या खिशात राहील, जिवावर बेतलं तरच फोडायची.” मग तिने भिंतीकडे पाहिलं. “जायचं लांग्चाला, ऑक्टोबरात. या वेळी तिघांनी.”

‘या वेळी तिघांनी’ हे शब्द हर्षदाला बोचले. उपकार केल्यासारखं काय बोलायचं ते!

पहिल्या दिवशी सगळंच सुंदर होतं. खोऱ्यातले पोपलर वृक्ष हळदीसारखे पिवळे झाले होते, मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरून गेले होते आणि वाटेवर या तिघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. सहा दिवसांचं सामान पाठीवर होतं. दुसऱ्या दिवशी भूर्जांचं रान संपलं, चढ सुरू झाला आणि हर्षदाच्या नाकी नऊ आले. डोकं ठणकायला लागलं. दर वीस पावलांवर थांबावं लागे. पुढे मैथिली गुणगुणत चालली होती, मध्येच वाकून लालभडक पानं गोळा करत होती आणि ती वहीत दाबून ठेवत होती.

“हर्षा, तुझी स्लीपिंग बॅग दे इकडे. मला आज काहीच जड वाटत नाहीये,” ती म्हणाली.

हर्षदाच्या अंगाचा तिळपापड झाला. काहीच जड वाटत नाही! वाटेल कसं? हिच्या रक्तात माझे कण धावतायत. आठ वर्षं मी घासली आणि मजा मारतेय ही, मला मात्र मिठाचं पाणी. तिने बॅग दिली नाही. संध्याकाळी ओढ्यावर तोंड धुतानाही ती हेच चघळत राहिली.

“पेनं गारठतील गं,” मैथिली तंबूतून ओरडली. “मी डबे लोकरीच्या टोपीत गुंडाळून ठेवते.”

तिसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको स्टोव्हशी चहाची खटपट करत होते, तेव्हा हर्षदाने ती टोपी उघडली. दोन्ही डब्यांत चार-चार पेनं उरली होती. तिने या डब्यातली त्या डब्यात आणि त्यातली यात घातली. अर्ध्या मिनिटाचं काम. मैथिलीला आता उंची जाणवेल, बाधेल, हेही तिला पुरतं ठाऊक होतं. बाधू दे एकदा, तिलाही कळू दे.

टोचून घेतल्यावर तासभर तिला खरंच हलकं वाटलं. मग डोकं पुन्हा ठणकायला लागलं. आणि मैथिली? ती पुढेच होती आणि गुणगुणतही होती.

याचा अर्थ काय होतो ते हर्षदाला कळायला वेळ लागला नाही. माझ्या अंगात प्राणकण असून मी धापा टाकते आणि ही मिठाच्या पाण्यावर उड्या मारते. म्हणजे एकतर माझे कण कुचकामी, नाहीतर ही बाईच मुळात माझ्याहून सरस. दोन्ही तिला मान्य होण्यासारखं नव्हतं. प्राणकण आहेत, तेव्हा ही डोकेदुखी उंचीची नाहीच, असं ठरवून ती रेटत राहिली. चौथ्या दिवशी रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या मनगटावरच्या नोंदपट्टीचा दिवा तांबडा झाला, तो तिने बाहीखाली सारला. खिंड समोर दिसत होती, फार तर दोनशे मीटर चढ उरला होता.

तिथेच ती कोसळली.

शुद्ध होती, पण ओठ निळे पडले होते आणि श्वास घेताना छातीत घुरघुर होत होती. विश्रामने बाही वर करून दिवा पाहिला आणि खिशातली चिठ्ठी फोडली.

“हर्षदा मिठाचं पाणी, मैथिली प्राणकण,” त्याने वाचलं. “मैथिली, तुझ्या डब्यातलं पेन दे. लवकर!”

मैथिलीने डबा काढला आणि तशीच थांबली. “नको. विशा, नको टोचूस. मी पेनं बदललीयत. परवा संध्याकाळीच. हिचे हाल बघवत नव्हते. काल आणि आज हिला प्राणकणच मिळालेत, मी मिठाचं पाणी घेतेय. आता दुसरी मात्रा गेली तर रक्त दाटेल.”

“अगं, तुझीच चाचणी ना ही? आणि तुला काही झालं असतं म्हणजे?”

“झालं असतं तर उतरले असते मी. पण काही होतच नाहीये, कसं काय तेच कळत नाही.”

विश्रामने पुढे केलेला हात मागे घेतला. “मग हिला पाठीवर घेऊन उतरायचं, दुसरं काही नाही. आठ तास लागतील.” एवढा वेळ हर्षदाकडे नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

हर्षदा सगळं ऐकत होती. प्राणकणांची पेनं परवा संध्याकाळी तिच्या डब्यात आली होती. रात्रभर तिथेच होती. आणि सकाळी तिने स्वतःच्या हाताने ती परत केली होती. दोन वाक्यं बोलायची होती, बस. पण क्षणभर तिला वाटलं, बोलूच नये. हिच्यासमोर इतकं लहान होण्यापेक्षा इथेच गेलेलं बरं. मैथिली तिचे हात चोळत होती, रडत होती आणि हातमोजे काढून तिच्या हातांत चढवत होती.

“मीपण बदलली,” हर्षदा म्हणाली. “तिसऱ्या दिवशी... सकाळी. माझ्यात पाणीच आहे. टोच.”

विश्रामने मैथिलीच्या डब्यातलं पेन काढून हर्षदाच्या मांडीत टोचलं. दहा मिनिटांत ओठांचा रंग परतला, अर्ध्या तासात ती उठून बसली. फुप्फुसात साठलेलं पाणी मात्र कणांनी उपसलं जाणार नव्हतं, उतरणं भागच होतं. शिवाय प्राणकणांची आता एकच मात्रा उरली होती आणि उद्या ती मैथिलीला लागणार होती, कारण तिच्या शरीराने उंचीची सवय केलीच नव्हती. खिंड तिघांनीही तिथूनच पाहिली.

उतारावर विश्राम सगळं सामान घेऊन पुढे झाला. हर्षदा मैथिलीच्या खांद्याला धरून चालत होती. आयुष्यात पहिल्यांदा या उंचीवर तिचं डोकं दुखत नव्हतं. खालचं खोरं पिवळंधमक दिसत होतं. मैथिलीला चार दिवस हे असं दिसत होतं तर.

“का बदललीस गं?” मैथिलीने विचारलं.

“तुझ्याकडे होते म्हणून.” हर्षदाने सांगून टाकलं. “आणि तू?”

“तुझ्याकडे नव्हते म्हणून. तो फोटो पुन्हा दोघांचाच झाला असता, आणि तू तो आणखी एकवीस वर्षं बघत बसली असतीस. मला काय दिसत नाही का?”

हर्षदाला रडू फुटलं. मैथिलीने तिला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं, आणि त्या थोपटण्याखालीच हर्षदाच्या मनात ती जुनी, ओळखीची असूया पुन्हा जागी झाली. इथेही हीच आधी पोचली होती.

“हळू,” मैथिली म्हणाली. “पुढे दगड सुटे आहेत.”

हर्षदाने तिचा हात घट्ट धरला आणि दोघी उतरू लागल्या.