चालू दे

चहात साखर जास्त होती. म्हाताऱ्या दिग्दर्शकाने कप बाजूला सरकवला.

"बाळ, मला साखर आहे हे माहीत असून देतेस, की मी गेलो तर काम लवकर उरकेल?"

संकलन करणारी मुलगी हसली. "दुसरा सांगते, सर. तोवर तुमची पेटी बघा."

पेटी म्हणजे त्याने तरुणपणी टीव्हीवर केलेल्या भयकथांच्या मालिकेतला एक भाग. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवे नट. बाकीचे भाग लोक विसरले, हा नाही विसरले. थोरला भाऊ धाकट्याला लाकडी पेटीत कोंडून मारतो. मग जन्मभर त्याला रिकाम्या पेटीतून ठोठावणं ऐकू येतं आणि शेवटी पेटीत थोरलाच सापडतो. जुनी टेप घासूनपुसून तो भाग आज संध्याकाळी पुन्हा लागणार होता. घरी बायकोने दुपारीच खुर्च्या मांडल्या होत्या.

धाकट्याचं काम बायकोच्या भावाने केलं होतं. काटकुळा पोरगा, सगळे त्याला काडी म्हणायचे. पेटीत मावणारा आणि फुकट राबणारा माणूस मेहुण्याशिवाय दुसरा कुठे मिळणार?

दिग्दर्शकाचा एकच कायदा होता. तो 'कट' म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, छप्पर कोसळलं तरी. पेटीला कडीही खरी लावली होती, कारण खोटी कडी कॅमेऱ्यात खोटीच दिसते. "कट म्हटलं की उघडतो," त्याने काडीला सांगितलं होतं.

ठोठावणं सुरू झालं. मग जोरात. मग त्यातली लय गेली. दिवेवाल्याने मागे वळून पाहिलं, तेव्हा दिग्दर्शकाने तळहात वर केला आणि हळूच म्हणाला, "चालू दे."

त्याला कळलं नव्हतं, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याच्या थोबाडीत द्यावी. त्याला सगळं कळत होतं. असा अभिनय पुन्हा मिळायचा नाही, हेसुद्धा कळत होतं.

ठोके मंदावले. शेवटी आतून नखाचा एक ओरखडा आला, आणि मग तोही नाही. तेव्हा तो कट म्हणाला.

बायकोला सांगितलं, काडी काम उरकून निघाला होता, रस्त्यातच छाती धरून पडला. हजर असलेले सगळे गप्प राहिले. त्यांच्या चुली त्याच्या हातात होत्या. त्या ओरखड्यावर त्याला मानचिन्ह मिळालं. बायको ते रोज फडक्याने पुसते.

"सर, इथे एक शब्द निघालाय," मुलगी म्हणाली. "संगीताखाली दबला होता. ऐका."

ठोका. मग लाकडाआडून घुसमटलेला आवाज: "दाजी..."

"पण गोष्टीत तर ते सख्खे भाऊ आहेत ना? मग हा बहिणीच्या नवऱ्याला हाक का मारतोय?"

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. "चुकला असेल. काढून टाक."

"शब्द काढला तर ठोकाही जातो. दोन्ही एकातच अडकलेत. नाहीतर राहू दे की, सर. अंगावर काटा येतो."

"नको." आवाज जरा चढला, तसा त्याने खाली आणला. "नवे ठोके मी देतो. पेटी माझी, ठोके दुसऱ्याचे कशाला?"

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे चार पावलांचं खोपट. भिंतींना जाड गाद्या, समोर काच, काचेपलीकडे मुलगी. स्टुलावर लाकडी खोकं, वर छोटा पडदा. आवाज नको म्हणून तिने पंखा बंद केला.

"दाराची आतली मूठ निखळलीये, सर. दुरुस्तीवाला रोज उद्या येतो. झालं की कट म्हणा, मी उघडते."

तो उंबऱ्यावर क्षणभर थांबला. मग आत गेला, हेडफोन कानाला लावले. लाल दिवा लागला.

पडद्यावर पेटी आली. त्याने खोक्यावर बोटांची हाडं आपटली. ठोक्याला ठोका बसला. 'दाजी'ची जागा आली आणि त्याच्या ठोक्याखाली गेली. सुटलो, असं त्याला वाटलं.

"कट."

मुलीने मान डोलावली. उठली मात्र नाही.

"कट, बाळ. उघड. कोंदटलंय इथे."

त्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये एक आवाज आला. जवान, गुळगुळीत, खात्रीचा. तो आवाज त्याचाच होता.

"चालू दे."

काचेपलीकडे मुलीचे ओठ हलले. हो सर.

तो पुढे झाला. काचेवर थापा मारल्या. मुलीने वर पाहिलं, डोळे चमकले, अंगठा दाखवला. कानात तिचा आवाज आला, "काय जीव ओतताय, सर! मूळपेक्षा भारी!"

घाम मानेवरून पाठीत उतरला. त्याने पडद्याकडे पाहिलं. हे दृश्य एव्हाना संपायला हवं होतं. संपलं नव्हतं. पेटी तशीच होती, पण कडी निघालेली, झाकण उघडं, आत काही नाही. चौकटीच्या कडेला एक खुर्ची दिसत होती. दिग्दर्शकाची. ती पूर्वी कधीच दिसली नव्हती.

खुर्चीत एक काटकुळा माणूस बसला होता. पाठमोरा. निवांत.

त्याने तळहात वर केला होता.

"काड्या!" दिग्दर्शक ओरडला. "काड्या, कट म्हण रे! चुकलं माझं, कट म्हण!"

मग त्याची नजर लाल दिव्यावर गेली.

हे सगळं टेपवर उतरत होतं, 'दाजी'च्या जागी. संध्याकाळी खुर्च्या मांडून बायको हेच ऐकणार होती. नवऱ्याचा आवाज ती झोपेतही ओळखायची. भावाचं नावही.

तळहात खाली आला नाही.

पुढचं त्याला तोंडपाठ होतं. आधी लय जाते. मग ठोके मंदावतात.

त्याचं नख आपोआप काचेवर टेकलं.

पलीकडे मुलीने हेडफोन कानावर दाबून धरले आणि नीट ऐकू यावं म्हणून डोळे मिटले.