निळ्या रेघेत एक लाल खूण

"बठ्ठा कार्ड पडी गयात! पाय काढा हो भाऊ... पाय काढा ना!"

जळगावच्या एस.टी. स्टँडवर भर दुपारी एक उंच माणूस उकिडवा बसून ओरडत होता. धुळ्याच्या गाडीतून उतरताना त्याच्या हातातलं खोकं फाटलं होतं आणि भोकं पाडलेली शेकडो कार्डं फलाटभर पांगली होती. लोक हसत होते. कुणी म्हणालं, जुगाराचा डाव दिसतोय! मला हसू आलं नाही. ती कार्डं कशाची ते मला पाहताक्षणी कळलं होतं.

मी पदर खोचला आणि वेचायला बसले.

"कडेला रेघ मारली होती की नाही?" मी विचारलं.

त्याने वर पाहिलं. घामाने कपाळावर चिकटलेले केस, आणि डोळे... आता रडतो की मग, असे.

"मारली होती ना. लाल पेन्सिलीने."

"मग एवढं बोंबलता कशाला? लागतील परत."

आमच्या कामातली ती साधी युक्ती होती. भोकांनी कॉम्प्युटरच्या आज्ञा लिहिलेली प्रोग्रॅमची कार्डं नीट थप्पी लावून वरच्या कडेवर एक तिरकी रेघ मारायची. प्रत्येक कार्डावर तिचा एकेक ठिपका येतो, आधीच्यापेक्षा किंचित पुढे सरकलेला. पडली, विस्कटली, तरी ठिपके पाहून परत लावता येतात. माझी रेघ निळी असायची.

"तुम्हाला भोकं वाचता येतात?" त्याने हळूच विचारलं.

"येतात."

"खोटं! हे काय आहे, सांगा."

"तिसरी पाळी असेल तर पुढे उडी मार. आणि पुढचं कार्ड तुमच्या चपलेखाली आहे."

त्याने दचकून पाय उचलला, तोल गेला आणि माझा हात धरला. लगेच सोडलाही. पण अगं बाई, तेवढ्यात माझे कान गरम झाले!

"मी अभिमन देवरे," तो म्हणाला. "धुळ्याच्या गिरणीतून..."

माझा हात तिथेच थांबला. म्हणजे माझ्या नोकरीवर उठलेला माणूस हाच होता. आणि मी त्याची कार्डं वेचत होते.

आमच्या सूतगिरणीचे दोन भाग, एक जळगावला, एक धुळ्याला. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे बहात्तर साली, दलिचंद शेठांनी मुंबईच्या कुठल्या कंपनीने काढून टाकलेला कॉम्प्युटर आणून जळगावला बसवला. इथले प्रोग्रॅम मी लिहायचे. धुळ्याचे प्रोग्रॅम देवरे लिहायचा आणि कार्डं गाडीने पाठवायचा. हजेरी, सूत, गाठी, काम दोन्हीकडे तेच. आम्ही दोघांनी एकमेकांचं तोंड न पाहता तेच तेच लिहून ठेवलं होतं. शिवाय माझ्या हजेरीत पाळीचे तास काढायचा जो हिशेब, तोच बदलीवाल्यांत, तोच रजेत, जिथे तिथे. एका ठिकाणी बदल केला की बाकीच्या ठिकाणी शोधत फिरा! एखादी जागा राहून गेली की गिरणीत बोंब.

शेठांचा पुतण्या निर्मलकुमार मुंबईला शिकून आला होता. त्याने मला आधीच सांगून ठेवलं होतं. "वारके बाई, एक भाकरी चार वेळा थापायची कशाला? देवरे येताहेत. दोघं बसा, पुन्हा पुन्हा आलेलं सगळं काढून टाका. एकच संच ठेवायचा, आणि मग तो सांभाळायला माणूसही एकच लागेल."

कोण, ते त्याने सांगितलं नव्हतं. पण आमच्याकडे बाईने लग्न ठरलं की राजीनामा द्यायचा, असा रिवाज होता. कागदावर कुठे नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ होतं. आज ना उद्या जाणाऱ्या बाईला कोण ठेवील?

आणि मला ती नोकरी हवी होती. हौस म्हणून नव्हे. माझे आबा उभं आयुष्य पिंजणखात्यात रुईची धूळ गिळत राबले होते. आता त्यांच्या छातीत भाता फुटल्यासारखा आवाज यायचा. गिरणीचा दवाखाना होता म्हणून रोजची सुई मिळायची, आणि ती मिळायची माझ्या नोकरीमुळे. कामगाराचे आईबाप दवाखान्यात चालत. सासूसासरे चालत, पण बाई कामगाराचे. पुरुषाच्या बायकोचा बाप? तो कुणीच नाही. म्हणजे माझी नोकरी गेली की आबांची सुई गेली. विकत घ्यायची म्हटली तर कुठून आणायची?

हे सगळं ओठांवर आलं होतं. मी कार्डांची थप्पी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मी कुमुद वारके. जळगावची."

"अरे देवा," तो म्हणाला. "मग तर तुम्ही ही गटारात टाकायला हवी होती!"

मेला. हसवलंच त्याने मला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला बसलो. मशीनच्या खोलीला दोन दारं होती, वर गार हवेचं यंत्र. मशीनला रुईची धूळ सोसत नाही म्हणे! आबांच्या खात्याला साधा जाळीचा पंखासुद्धा बसवला नव्हता कुणी. ते दार लोटताना रोज माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

जुळणारी कार्डं शोधायची आमची रीत अशी. त्याचं एक कार्ड, माझं एक कार्ड, एकावर एक ठेवायची आणि खिडकीच्या उजेडात धरायची. कोपऱ्यातला अनुक्रमांक सोडून बाकी सगळ्या भोकांतून उजेड आला, तर दोन्ही सारखी. एक ठेवायचं, एक रद्दीत. एखादं भोक बुजलेलं दिसलं तर थांबून विचार करायचा. एका खिडकीशी दोघांनी उभं राहायचं म्हणजे खांद्याला खांदा लागणारच... आणि कार्ड मी धरलेलं असलं की उजेडाचे बारीक ठिपके त्याच्या गालावर पडायचे. मी भोकं पाहायची सोडून ठिपकेच पाहत बसायचे.

"वारके बाई, कार्ड हलतंय."

"तुमचा श्वास लागतोय त्याला."

"मग श्वास घेऊ नको का?"

"घ्या. तिकडे तोंड करून."

श्रावणात हवेने कार्डं ओलसर व्हायची, मशीनमध्ये अडकायची. मग शेगडीवर तवा उपडा घालून आम्ही ती पापडासारखी शेकत बसायचो. बाहेर पावसाची बारीक झड, आणि आत कोऱ्या कागदाचा वास. तो पिंपळनेरच्या घरच्या गोष्टी सांगायचा. बोलता बोलता अहिराणीत शिरायचा, आणि मी मुद्दाम त्याची नक्कल करायचे.

"असं शे का?"

"तुमच्या तोंडी शे बरं नाही लागत," तो म्हणायचा.

"मग काय बरं लागतं?"

"...माझं नाव."

मी नाव घेतलं नाही हो. देवरेच म्हणत राहिले. पण घरी पीठ मळताना मनातल्या मनात घेऊन पाहिलं.

दोघांचं लिहिणं वेगळं निघालं, पण काम तेच असलं, की भांडण व्हायचं. कुणाचं ठेवायचं? मी कंबर कसून तयार असायचे, आणि तो पहिल्याच वाक्याला पडतं घ्यायचा. "तुमचंच राहू द्या. आखूड शे."

"तुमचं जास्त चांगलं आहे, देवरे. मला कळतं तेवढं."

"तुमचं वाचायला सोपं."

मला वाटायचं, लाडीगोडी लावतोय. खोटं कशाला बोलू, आवडायचंही. ठेवलेली कार्डं लावून रबर चढवायचं कामही त्याने स्वतःकडे घेतलं होतं. माझी नखं तुटतात म्हणून!

एकदा आबांना जास्त झालं. मी काम टाकून पळाले, तसा तोही मागून आला. आमच्या खोलीत आबा उशीला टेकून बसले होते, ओठ निळे पडलेले. कंपाउंडर सुई देऊन गेला. हळूहळू भाता शांत झाला. तोवर अभिमन आबांची पाठ चोळत बसला होता, घरचाच असल्यासारखा.

"कोनाचा रे तू?" आबांनी विचारलं.

"धुळ्याचा शे आबा. कुमुदबाईंच्या बरोबर काम करतो."

"पोरगी लई तिखट आहे," आबा धापा टाकत म्हणाले. "तिच्यामुळे मले सुई भेटते. नाहीतर मी गेल्या साली जातो होतो."

बाहेर आल्यावर अभिमन नळाशी उभं राहून बराच वेळ हात धूत राहिला.

"ही सुई... नोकरीवर आहे तुमच्या?"

"हो."

"आणि लग्न झालं, तर?"

"तर नोकरी जाते. जावयाच्या नावावर सासरा चालत नाही. मी विचारून आले आहे."

बोलून गेले आणि जीभ चावली. मी विचारून आले होते! कशासाठी, कुणासाठी, ते त्याला कळलंच. त्याने ओले हात पुसले नाहीत. माझ्याकडे नुसतं पाहिलं. इतकं वाईट आणि इतकं गोड माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तो कमी बोलायला लागला, आणि 'तुमचंच राहू द्या' म्हणायची त्याची घाई वाढली.

संक्रांतीनंतर काम संपलं. भिंतभर असलेली खोकी गेली आणि एका लांब ट्रेमध्ये मावेल एवढा संच उरला. पाळीच्या तासांचा हिशेब आता एकाच जागी होता, बाकीचे सगळे प्रोग्रॅम तिथेच येऊन विचारायचे. जळगाव आणि धुळे, दोन्हींची हजेरी बिनचूक निघाली. निर्मलकुमार खूश होऊन आला.

"शाब्बास! देवरे, काकांच्या मनात तुम्हालाच ठेवायचं आहे. बाई काय, उद्या लग्न करून जातील..."

"साहेब, तेवढा ट्रे बघता का?" अभिमन म्हणाला. "धुळ्याची कार्डं लाल खुणेची, इथली निळ्या."

निर्मलकुमारने वाकून पाहिलं. मीही पाहिलं. ट्रेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कार्डांच्या कडा निळ्या होत्या. लाल ठिपका औषधालाही नव्हता. सारखी निघालेली प्रत्येक जोडी त्याने तशीच निवडली होती. माझं ठेवायचं, आपलं रद्दीत.

"हे सगळं बाईंनीच लिहिलेलं?"

"बठ्ठं. माझं एवढं काही कामाचं निघालं नाही. उद्या बिघडलं तर मला दुरुस्त करता येणार नाही साहेब. बाईंना येईल."

साफ खोटं! त्याला सगळं येत होतं. धुळ्याचं कितीतरी काम माझ्याहून सरस होतं. मी ओरडून सांगणार होते. तोंड उघडलंही होतं... आणि कानात आबांचा भाता वाजला. मी तोंड मिटलं. त्याने माझ्याकडे पाहून इतकीशी मान हलवली.

"मग वारके बाई राहतील," निर्मलकुमार घड्याळ बघत म्हणाला. "देवरे, महिनाअखेर हिशेब करू तुमचा."

महिनाअखेर मी स्टँडवर गेले. तो त्याच फलाटावर उभा होता. हातात एक पिशवी, बाकी काही नाही. मी जाऊन सरळ भांडायलाच लागले.

"मला विचारलंत? माझ्यावर उपकार करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मोठे आलात!"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

पहिल्यांदाच अगं-तुगं केलं त्याने. मी भांडण सोडून विचारलं,

"आता काय करणार आहात?"

"धुळ्यातच, देवपूरला एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडे कारकुनी मिळतेय. कॉम्प्युटर तिथे कुठला?"

धुळ्याची गाडी येऊन लागली. लोक दाराशी लोटले. तो हलला नाही.

"कुमुद, एकदा सांगून टाकतो, मग जातो. आमच्याच बोलीत सांगू?"

"सांगा ना."

"तू माले भलती आवडस."

मी ढसाढसा रडले. भर स्टँडवर, लोक बघत असताना. पदर तोंडात कोंबून म्हणाले, "मलाही... अभिमन, मलाही. थांबाल माझ्यासाठी? थोडे दिवस?"

त्याचा चेहरा एकदम म्हाताऱ्यासारखा झाला.

"कशासाठी थांबायचं गं? आबा आहेत तोवर तुला येता येणार नाही. म्हणजे मी तिकडे बसून त्या माणसाच्या श्वासाकडे डोळे लावायचे? त्यांची पाठ चोळली आहे मी. आणि तू... कंपाउंडर त्यांना सुई देताना तू काय मोजशील मनात? नको. असलं वचन मागू नको मला, आणि देऊही नको."

कंडक्टरने घंटी मारली, तसा तो चढला. खिडकीत बसून हात बाहेर काढला, आणि मी तो धरला. गाडी हलेपर्यंत धरून ठेवला.

तिथून मी घरी गेले नाही. गिरणीची रद्दी घेणाऱ्या मुख्तारभाईंच्या दुकानात गेले. त्यांनी आमची बहुतेक कार्डं भडभुंज्यांना विकून टाकली होती, चण्याच्या पुड्यांना जाड कागद बरा म्हणून. कोपऱ्यात एक गठ्ठा उरला होता. मी जमिनीवर बसून तो उलगडला. लाल ठिपक्याचं एक कार्ड सापडलं, धड, न चुरगळलेलं.

"एवढ्यासाठी आलीस बेटा?" मुख्तारभाईंनी विचारलं. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी उभी राहिले. ते कार्ड आणि ट्रेमधलं त्याच्या जोडीचं माझं कार्ड एकावर एक धरलं. अनुक्रमांक सोडून सगळ्या भोकांतून उजेड आला. या खेपेला ठिपके माझ्याच हातावर पडले. मग मी माझं कार्ड फाडून टाकलं, आणि ट्रेमध्ये त्या जागी त्याचं ठेवलं.

परवा निर्मलकुमारच्या नजरेला ते आलं. "बाई, एवढ्या निळ्यात ही लाल खूण कसली?"

"पेन्सिल लागली असेल," मी म्हणाले.

मशीन रोज ते कार्ड वाचतं. त्याला काही फरक कळत नाही, हजेरी बरोबर निघते. मी सहाला सुटते, दवाखान्यातून कंपाउंडरला घेऊन घरी जाते. आबांचा आवाज दारातूनच ऐकू येतो. मी आधी तो ऐकते. चालू आहे, हे कळलं की मला बरं वाटतं. खरंच बरं वाटतं. आणि मग स्टोव्ह पेटवताना मी देवपूरचा विचार करत नाही.