उत्तराआधीची शांतता

इंग्रजी विभागाच्या त्या खोलीत हेडफोन एकच होता आणि त्या दुपारी तो दोघांनाही हवा होता. मग त्याची एक बाजू तिच्या कानाला, दुसरी त्याच्या. ओळख झाली ती अशी, खांद्याला खांदा लागू न देण्याच्या खटपटीत.

तो तिथे शिकवायचा. ती नवी संशोधक. काम दोघांचं एकच. इंग्रजीत माणसं प्रत्यक्षात कशी बोलतात ते ऐकून लिहून काढायचं. कोणी कोणाला मध्येच तोडलं, कोण कुठे गप्प झालं.

"हे ऐका," तो म्हणाला. टेपवर एक बाई मैत्रिणीला फोनवरून जेवायला बोलावत होती. पलीकडे शांतता. "आता नकार येणार. होकार पटकन येतो. नकाराला वेळ लागतो."

"आणि मैत्रिणीच्या तोंडात घास असेल तर?"

तो हसला. पुढे वर्षभर हसतच होता.

मग तिला दूरच्या शहरात नोकरी चालून आली.

"वन्सं, दिवसातून दहादा त्या सरांचं नाव घेता," वहिनी म्हणाली, "आणि निघालात कुठे?"

"त्यांनी काही विचारायला नको?"

त्याने विचारलं. विभागाच्या जिन्यात, फायली छातीशी धरून.

"तुम्ही गेला नाहीत तर... म्हणजे— माझ्याशी लग्न कराल?"

तिला शब्द फुटेना.

"नाही, राहू दे," तो घाईने म्हणाला. "अवघडू नका. मी आपलं सहज..." आणि तो जिना उतरू लागला.

"अहो, थांबा! लग्नाचं सहज विचारतात?"

"तुम्ही गप्प झालात."

"रडू आवरत होते मी! टेपवरच्या मैत्रिणीला एक जेवण ठरवायचं होतं, मला अख्खा जन्म. श्वास तरी घेऊ द्याल की नाही?"

तो कठडा धरून उभा राहिला. "मग... परत विचारू?"

"विचारा. आणि विचारून झालं की पळू नका."

त्याने विचारलं. तिने मुद्दाम चष्मा काढला, सावकाश पुसला, परत घातला. त्याचा चेहरा पांढरा पडला. पण पाय जागचा हलला नाही.

"हो," ती म्हणाली. "आणि नोकरीचं काय करायचं, ते संध्याकाळी घरी या, वहिनीसमोर भांडून ठरवू."