न तुटणारा आवाज

तक्रार अशी होती: 'टीव्हीचा आवाज कानातल्या यंत्रात येताना तुटत नाही. सहा महिने झाले, एकदाही तुटला नाही. कृपया जाणता माणूस पाठवा.'

पुण्याच्या श्रवणरोप प्रयोगशाळेत ती वाचली गेली तेव्हा सगळे खळखळून हसले. टीव्ही आणि कानातलं यंत्र यांची जोडणी सुटते, आवाज ओठांच्या मागे पडतो, टीव्ही यंत्राला ओळखच देत नाही, अशा तक्रारींनी त्यांचे कान किटले होते. आवाज तुटत नाही म्हणून रडणारा हा पहिलाच गृहस्थ. मिरजेचे दोन तंत्रज्ञ त्याच्याकडे जाऊन आले होते. त्यांनी जोडणी पुसून नव्याने केली, टीव्ही बंद करून चालू केला, राउटर या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला. नोंदी लख्ख होत्या. म्हातारा मात्र ऐकायला तयार नव्हता.

शर्वाणी चौबळ हसली नाही. ज्या तंत्राने तुटका आवाज सांधला जाई, ते 'भरणी' नावाचं तंत्र तिचंच होतं.

"हे तर तुझ्या भरणीचं यशच म्हणायचं," प्रमुख डॉ. वसुधा कारखानीस म्हणाल्या. त्या मूळच्या शल्यविशारद. प्रयोगशाळेत येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं.

"मॅडम, टीव्हीपासून कानापर्यंत आवाज रेडिओलहरींवर येतो, छोट्या छोट्या तुकड्यांत. माणसाने मान वळवली, मध्ये कुणी उभं राहिलं, तरी काही तुकडे हरवतात. भरणी मागचापुढचा आवाज पाहून हरवलेला तुकडा अंदाजाने बनवते आणि जागेवर बसवते. पण अंदाज तो अंदाजच. सहा महिन्यांत एकदाही चुकू नये? एवढी हुशार मी तिला केलेली नाही."

"अंदाज बरोबर की चूक, हे तिला कसं कळतं?"

"ऐकणाऱ्याकडून. तो 'काय?' म्हणाला किंवा त्याने 'पुन्हा सांग' म्हटलं, की अंदाज चुकला. काहीच विचारलं नाही, की बरोबर आला. त्यावरून ती त्या माणसापुरती सुधारत जाते."

"मग जाऊन ये मिरजेला," डॉक्टर म्हणाल्या. "परतताना कराडला आईकडे उतर. किती दिवसांत गेली नसशील."

हे खरं होतं. शर्वाणी आईला भेटायची ती रविवारी सकाळी दहाला, टीव्हीच्या पडद्यावर. आईचं ऐकणं गेलं तेव्हा तिच्यासाठीच तर शर्वाणीने भरणीचा ध्यास घेतला होता, आणि पहिल्या शंभर यंत्रांतलं एक आईच्या कानात बसवलं होतं. त्या यंत्राचे शर्वाणीवर उपकार होते. चार वर्षांपूर्वी वडील कृत्रिम श्वासावर होते. आईने घरून बजावलं होतं, काही झालं तरी सोडू नका. डॉक्टरांनी मात्र शर्वाणीला बाजूला घेऊन परिस्थिती समजावली आणि कागद पुढे केला. तिने सही केली, श्वासाचं यंत्र बंद झालं. आईला तिने सांगितलं, बाबा आपणहून गेले. हे खोटं तिने तीन वर्षं एकटीने वागवलं. अखेर या जानेवारीतल्या एका रविवारी तिचा बांध फुटला आणि पडद्यावरच्या आईला तिने सगळं सांगून टाकलं. आई मेथी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "बरं केलंस गं. जेवलीस का?" त्या दिवसापासून शर्वाणीला झोप लागू लागली होती.

मिरजेत सतार-तंबोऱ्यांच्या गल्लीत मकबूल शिकलगारांचं घर होतं. खाली कारखाना, वर राहायच्या खोल्या. गुडघे गेल्यापासून मकबूलभाईंचं जिना उतरणं बंद झालं होतं. कारखाना आता मुलगी रेहाना चालवत होती. तंबोरा तयार झाला की ती तो खालच्या कॅमेऱ्यासमोर छेडायची, वर टीव्हीतून आवाज थेट मकबूलभाईंच्या कानात जायचा आणि ते जवारी, म्हणजे तारेची गुंजती झणकार, तपासायचे. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्यावर तारेखाली कापसाचं सूत असतं. ते केसभर सरकलं की तंबोरा बोलतो, आणखी केसभर सरकलं की मुका होतो. ती केसभराची जागा सांगणारे मकबूलभाई पंचक्रोशीत एकटेच उरले होते.

"बाई, आधी कसा तुटायचा बघा आवाज. मान वळवली की तुटला," ते म्हणाले. "आता मी पार पलीकडच्या खोलीत गेलो तरी तुटंना झालाय. असं कधी असतंय काय?"

"तुम्हाला त्रास कसला होतो, मकबूलभाई?"

उत्तर रेहानाने दिलं. "सहा महिन्यांत अब्बांनी अकरा तंबोरे पास केले. त्यातले तीन परत आले, जवारी मेलेली म्हणून. पन्नास वर्षांत एक परत आला नव्हता. लोक म्हणायला लागलेत, म्हाताऱ्याचा कान गेला. अब्बा म्हणतात, मग दुकानच बंद कर."

"परत आलेला एक तंबोरा मी वर मागवला," मकबूलभाई म्हणाले. "भोपळ्यावर हात ठेवला. हात म्हणतोय मेलाय, टीव्ही म्हणतोय बोलतोय. पन्नास वर्सं हातानं काम केलंय बाई, मी हाताचं ऐकणार. पण मग कान कुणाचं ऐकतोय, तेवढं सांगा."

शर्वाणीने टीव्हीचा स्वतःचा स्पीकरही चालू केला, म्हणजे मकबूलभाईंच्या कानात जातं ते आपल्यालाही ऐकू यावं. रेहाना खाली गेली. पडद्यावर तिची बोटं तारांवरून फिरू लागली. तंबोरा भरून बोलत होता. मकबूलभाईंनी मान डोलावली. मग शर्वाणीने फोनवर रेहानाला हळूच सांगितलं, सुतं काढून टाक. तिने ती काढली. स्पीकरमधून पत्र्यावर खडे पडल्यासारखा कोरडा आवाज येऊ लागला. मकबूलभाई मान डोलावतच राहिले.

"आता तारांवर चादर टाक," शर्वाणी म्हणाली, "आणि नुसती बोटं फिरव."

रेहानाने जाड चादर टाकली. बोटं फिरत राहिली. खोलीत चिटपाखराचाही आवाज नव्हता. मकबूलभाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं. "आत्ता झकास लागला," ते म्हणाले. "ही जवारी हलवू नको म्हणावं."

 शर्वाणीने त्यांचा हात धरून डोळे उघडायला लावले आणि पडद्यावरची चादर दाखवली.  म्हाताऱ्याला समजावून सांगावं लागलं नाही.

तिने मकबूलभाईंच्या यंत्राची आतली नोंद उघडली, जी तंत्रज्ञांना दिसत नसे, आणि डॉ. कारखानिसांना फोन लावला.

"मॅडम, बॅटरी वाचावी म्हणून मी एक सोय ठेवली होती. अंदाज बरोबर येत असेल तर रेडिओने थोडा वेळ झोपावं. अंदाज बरोबर येत राहिले, रेडिओ जास्त जास्त झोपत गेला. आज त्यांच्या कानातले शंभरातले शहाण्णव तुकडे टीव्हीकडून आलेलेच नाहीत. भरणीनेच बनवलेत."

"आणि त्यांना कळलं नाही?"

"कसं कळणार? 'काय?' असं विचारायची वेळ येऊ नये, एवढंच भरणी शिकली. खरा आवाज माणसाला विचारायला लावतो. जे ऐकायची त्याची तयारी आहे, ते ऐकवलं की तो विचारत नाही. पन्नास वर्षं अव्वल तंबोरे ऐकलेल्या माणसाला तिने अव्वल तंबोरा ऐकवला. बिघाड नाही झालेला. मी सांगितलं तेच तिने केलं."

"चाळीस हजार यंत्रं आहेत बाहेर," डॉक्टर म्हणाल्या. "भरणी बंद केली तर सगळ्यांचा आवाज पुन्हा तुटायला लागेल. ओरडतील लोक."

"ओरडू देत. आज संध्याकाळीच बंद करा."

फोन ठेवून ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली. चाळीस हजारांतल्या एका यंत्राचा क्रमांक तिला तोंडपाठ होता. बघू नये असं तिला फार वाटलं, तरी तिने तो टाकला. जानेवारीतला तिसरा रविवार, सकाळी दहा वाजून बारा मिनिटं ते दहा अठरा. शंभरातले शंभर तुकडे भरणीचे.

खाली रेहाना उरलेल्या आठ गिऱ्हाइकांना फोन करत होती. जिन्यात येऊन तिने वर ओरडून सांगितलं, सोलापूरच्या एका बाई म्हणतात, आम्हाला तंबोरा आवडलाय, असू दे. मकबूलभाईंनी वरून हाक दिली, "आवडला असंल तरी परत मागव. माझ्या तोंडून चुकीचा पास झालाय."

ते ऐकून शर्वाणीने लॅपटॉप मिटला. नोंद आईला दिसत नव्हती आणि कधी दिसणारही नव्हती. ती गप्प राहिली असती तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. स्वतःच्या या विचाराची तिला लाज वाटली.

कराडला ती पोचली तेव्हा चार वाजले होते. आईला इतका आनंद झाला की लेकीला कुठे ठेवू आणि कुठे नको, असं तिला झालं. पोहे झाले, चहा झाला. मग आई नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "तो लाव की. त्यातून तुझा आवाज किती गोड येतो. असा समोरून खरखरीत लागतो."

"नको आई, आज असंच बोलू." शर्वाणीने टीव्हीचं बटण भिंतीवरूनच बंद केलं. आता मध्ये रेडिओ नव्हता आणि भरायला काही नव्हतं. ती आईजवळ खाली बसली. "जानेवारीत मी बाबांविषयी बोलले होते. आठवतं तुला?"

"आठवतं की. त्यांचं घड्याळ दुरुस्त करून आणलंस म्हणालीस. किती रविवार तुझ्या मागे लागले होते मी त्यासाठी. म्हटलं, बरं केलंस." आईने तिच्या पिशवीकडे पाहिलं. "मग आणलंस का?"

घड्याळ पुण्याला कपाटात बंदच पडलं होतं. शर्वाणीला रडू आवरेना. आठ महिने ती ज्या क्षमेवर शांत झोपली, ती घड्याळाच्या वाट्याची होती.

"आई, बाबा आपणहून नाही गेले. डॉक्टर म्हणाले, आता काही उपयोग नाही. मशीन बंद करायच्या कागदावर मी सही केली. तुला न विचारता."



"काय?" आई म्हणाली.

गेल्या दोन वर्षांत शर्वाणीने आईच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. तिने सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

आईचा हात कानामागे गेला. यंत्राची कळ तिने चाचपली, बंद केली, पुन्हा चालू केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "शरू, हे बिघडलंय बघ," ती म्हणाली. "भलतंच काहीतरी ऐकू येतंय. तू नीट करतेस ना गं हे?"

शर्वाणीने आईचा हात कानावरून काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"नाही आई," ती म्हणाली. "आता ते नीट झालंय."