ग्रहणात कापलेलं पान

त्या दिवशी सकाळपासून थंडी कडक होती, पण वारा नव्हता. पौषात सातपुड्यावरून गार वारं उतरतं आणि तापीकाठच्या केळीबागांना झोडपून काढतं. पानं फाटून त्यांच्या झालरी होतात आणि त्या झालरी रात्रंदिवस फडफडत राहतात. त्या दिवशी मात्र एकही पान हलत नव्हतं. ऊनही मळकट पडलं होतं, राखेनं भांडी घासलेल्या पाण्यासारखं. थंडीनं केळी पिवळी पडू नयेत म्हणून लोकांनी बांधाबांधावर पालापाचोळा पेटवला होता, पण धूर वर जाईना. जिथं केला तिथंच बसून राहिला, दाराशी बसलेल्या कुत्र्यासारखा.

पुना आबा ओट्यावर बसून तो धूर बघत होते. त्यांचं घर गावाच्या कडेला. घरामागं शेजारच्या अभिमनचा हरभरा आणि त्याच्या पलीकडं आबांची बाग. बाग काही मोठी नाही. बिडी पेटवून तिला वळसा घालावा तर बिडी संपायच्या आत माणूस परत येतो. त्यातलं एकेक खोड आबांनी स्वतःच्या हातानं लावलेलं. डोळे बांधून सोडलं तरी ते बाहेर आले असते.

घरी लेक आली होती, दिपमाला. एकुलती एक. तिची आई गेल्यापासून आबांना तिच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि धुळ्याहून ती वर्षातून दोनदा यायची, नवऱ्याला सवड झाली तर. म्हणून ती आली की आबा जावयाला फुलासारखं जपायचे. जावई, नवल, स्वभावानं चांगला. धुळ्यात त्याचा फोटो स्टुडिओ होता, लग्नकार्याचे फोटो काढायचा. या खेपेला तो आला होता तो चंद्रग्रहणासाठी. चंद्र उगवणार तोच ग्रहण लागलेला उगवणार, आणि केळीच्या पानांमधून वर येणारा तो लाल चंद्र नवलला टिपायचा होता. मोठा फोटो करून स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावायचा होता. शहरात असं आभाळ कुठलं, असं तो दुपारपासून म्हणत होता.

आबांना मनातून ते रुचलं नव्हतं. ग्रहणात ते कधी शेतात पाऊल टाकत नसत. दिपमालानं दिवस असतानाच स्वयंपाक उरकून पाण्यावर तुळशीचं पान टाकलं होतं. पण जावयाला नाही कसं म्हणायचं? उन्हं कलली तसे आबा घोंगडी न घेताच त्याच्यापुढं चालू लागले. दिपमालानं दारातून हाक मारून सांगितलं, की आबा, यांना सांभाळून आणा, यांना अंधारात पायाखालचं दिसत नाही. आबा हसले. अगं, बाग माझी आहे, असं म्हणाले.

बागेच्या मध्यावर थोडी मोकळी जागा होती. पावसाळ्यातल्या वादळात तिथली खोडं आडवी झाली होती, ती आबांनी काढून टाकली होती. नवलनं तिथं तिपाईवर कॅमेरा बसवला, तोंड उगवतीकडं. कॅमेरा थोड्या थोड्या वेळानं आपोआप फोटो काढणार होता. नवलनं पिशवी तिपाईच्या पायाशी ठेवली, मोबाइल त्या पिशवीतच टाकला. मग डोळा लावून बघितलं आणि म्हणाला, आबा, हे एक पान मधे येतंय.

खरंच एक पान मधे येत होतं. रुंद, आडवं, अख्खं. बागेतल्या सगळ्या पानांच्या झालरी झालेल्या, हे एकच न फाटलेलं. चंद्र तोवर झाडांच्या मुळाशी दिसू लागला होता, आणि तो अर्धा खाल्लेला होता.

"ग्रहण सुटू द्या, मंग कापतो," आबा म्हणाले.

नवल हसला. ग्रहण सुटल्यावर फोटो कशाचा काढू, म्हणाला.

आबांच्या कमरेला विळा होता. ग्रहणात पातं हातात धरायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण जावयाचा शब्द पडला होता. त्यांनी देठावर विळा ओढला. पान खाली आलं ते आवाज न करता आलं, आणि देठातून चीक उडून आबांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या उजव्या बाहीवर सांडला. केळीचा चीक पाण्यासारखा दिसतो, पण वाळला की काळा पडतो आणि कपडा फाटेपर्यंत जात नाही. आबांनी बाही पुसली. डाग तेवढाच पसरला.

चंद्र पुरता गिळला गेला. अंधार पडला तसा तो पुन्हा दिसू लागला, जुन्या न घासलेल्या तांब्यासारखा. कॅमेरा खट् करायचा, थांबायचा, पुन्हा खट् करायचा. थंडी अंगात शिरू लागली तेव्हा आबा म्हणाले, की बांधावरच्या झोपडीत घोंगडी आहे, ती घेऊन येऊ. नवलही हात चोळत निघाला. कॅमेऱ्याला आपली गरज नव्हती.

दोघं सरीनं चालू लागले. पुढं आबा, मागं नवल. ठिबकची नळी पायाला लागत होती, म्हणजे सरी बरोबर होती. ही सरी बांधाला जाऊन मिळते, पुढं शेवरीचं कुंपण, कुंपणाला लागून झोपडी. आबा चालले. बराच वेळ चालले. बिडीचा वास यावा तसा धुराचा वास कुठून तरी येत होता, म्हणजे बांध जवळ होता. पण बांध आला नाही.

आणि मग आबांचा पाय कशावर तरी पडला. गार, रुंद, चिकट. त्यांनी वाकून चाचपलं. कापलेलं पान होतं.

पण मोकळी जागा तिथं नव्हती. तिपाई नव्हती. चारी बाजूंनी खोडंच खोडं होती, हात लांब केला तर लागावीत इतकी जवळ, आणि आबांना आठवलं की इतकी जवळ त्यांनी ती कधी लावली नव्हती.

उजवीकडून आवाज आला. खट्.

नवल म्हणाला, तो बघा कॅमेरा, इथंच तर आहे. दोघं उजवीकडं वळले. खोडांमधून अंग चोरून सरकले. पुन्हा खट् झालं, पण आता पाठीमागून. ते मागं फिरले. आवाज डावीकडं गेला. वर पानांच्या फटीतून तो तांबडा चंद्र दिसत होता. इतक्या वेळात तो तसूभरही वर चढला नव्हता. पुढं चालता चालता आबांच्या पायाखाली पुन्हा तेच पान आलं.

मग मात्र त्यांनी नवलचं मनगट धरलं.

"पाव्हणे... बसा. चालू नका."

चकवा लागला की चालायचं नसतं. माणूस जितका चालतो तितका तो आत जातो. बसायचं, एकमेकांना धरायचं, आणि आपोआप सुटायची वाट बघायची. आबांनी हे हळूहळू समजावलं, घाबरलेल्या वासराशी बोलावं तसं. नवलनं वाद घातला नाही. दोघं त्या पानावर पाठीला पाठ लावून बसले. आबांनी हात मागं घेऊन जावयाचं मनगट धरून ठेवलं. चिकानं बोटं चिकटत होती. आबांच्या डोक्यात एकच होतं, की पोरीनं माणूस सांभाळून आणायला सांगितलाय.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. कॅमेऱ्याचा आवाज थांबला होता. बाग अशी गप्प, की नवलच्या मनगटातली नाडी आबांना बोटांत ऐकू येत होती.

मग पानांआडून हाक आली.

"पाव्हणे... आठे या. वाट सापडनी."

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. शब्दाच्या शेवटी किंचित धाप लागलेला. तो आवाज त्यांचाच होता.

नवलचं मनगट ताठ झालं. तो उठू लागला. आबांनी धरून ठेवलं, तसा तो अंधारात मान वळवून त्यांच्याकडं बघायचा प्रयत्न करू लागला. दिसण्यासारखं काही नव्हतं. आबांना तेव्हा उमगलं, की या पोराला इथं दोन सासरे आहेत. एक हाक मारतोय आणि एकानं हात धरलाय. आणि कोणता खरा, हे त्याला कळायला काही मार्ग नाही.

नवल फार हळू आवाजात म्हणाला, "आबा... लग्नात निघताना तुम्ही माझ्या कानात काय सांगितलं होतं?"

आबांनी तोंड उघडलं. पण पानांआडून आधी उत्तर आलं.

"दिपमालाले अंधारनं भेव वाटस... उशाजोडे दिवा ऱ्हाऊ द्या."

तेच सांगितलं होतं. शब्द न् शब्द तोच. आबांना रडू आलं. आपलं म्हणावं असं त्यांच्यापाशी आता काही उरलं नव्हतं. आवाज गेला होता, आठवण गेली होती. हातात तेवढं ते मनगट होतं. त्यांनी ते सोडलं नाही.

"पाव्हणे," ते म्हणाले, "जो चालाले सांगस, तो मी नही. जो बसाले सांगस, तो मी. येवढंच ध्यानमा ठेवा."

नवल अर्धवट उठलेला होता. पण बसला.

हाक फिरत राहिली. कधी जवळून, कधी लांबून, कधी अगदी आबांच्या कानाशी, श्वास लागावा इतकी. आबांनी डोळे मिटून घेतले. ते बसा, बसा, एवढंच पुटपुटत राहिले, आणि काही वेळानं ते आपण पुटपुटतोय की ऐकतोय, हेही त्यांना कळेनासं झालं.

मग एकाएकी पानं फडफडली. वारा सुटला होता. गावाकडून दान मागणाऱ्यांची हाळी आली, "दे दान, सुटे गिऱ्हाण". आबांनी डोळे उघडले. चंद्राच्या कडेला नखाएवढा पांढरा उजेड आला होता. मोकळी जागा होती तिथंच होती, आणि हात पुरेल इतक्या अंतरावर कॅमेरा उभा होता. खट् झालं.

आबा नवलच्या समोर उभे होते. ते कधी उठले, पाठीमागून पुढं कधी आले, त्यांना आठवेना. नवल खाली बसलेला, त्यांच्याकडं बघत होता. आबांनी हात पुढं केला आणि म्हणाले,

"चला पाव्हणे. वाट सापडनी."

म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच ते शब्द ऐकल्यासारखे वाटले. नवलनं हात धरला, पण फार सैल धरला. कॅमेरा काढला, पिशवी उचलली आणि आबांच्या मागं मागं, चार पावलं अंतर ठेवून, तो घरी आला.

दिपमालानं आंघोळीला पाणी तापवलं. पाणी तापेपर्यंत नवल ओट्यावर कॅमेऱ्यातले फोटो बघत बसला होता. आबा त्याच्या शेजारी जाऊन बसले. फोटोत चंद्र होता, केळी होत्या. आणि खाली, पहिल्या फोटोपासून, कापलेल्या पानावर पाठीला पाठ लावून बसलेले दोघं होते. एकाही फोटोत ते चालत नव्हते. नवल पुढं पुढं जात राहिला. शेवटच्या फोटोवर तो थांबला. आबांना तो फोटो दिसला नाही, कारण नवलनं कॅमेरा आपल्याकडं वळवला. त्यानं बराच वेळ फोटोकडं बघितलं. मग आबांच्या उजव्या बाहीकडं बघितलं. मग कॅमेरा बंद केला.

पहाटेच्या पहिल्या गाडीनं तो दिपमालाला घेऊन निघाला. स्टुडिओत काम निघालं, म्हणाला. चहासुद्धा घेतला नाही. दरवेळी वाकून पाया पडणारा माणूस, या वेळी उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आणि दिपमाला आबांच्या पायांशी वाकू लागली तशी तिला दंडाला धरून त्यानं मागं ओढलं. तिला कळेना. ती वळून वळून बघत गेली.

उजाडल्यावर आबांनी खुंटीवरचा रात्रीचा सदरा काढून ओट्यावर उन्हात आणला. उजवी बाही उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. डावीही बघितली. दोन्ही बाह्या पांढऱ्याशुभ्र होत्या.

हरभऱ्याला पाणी देऊन अभिमन घराकडं येत होता. तो रोज येऊन ओट्यावर टेकायचा, तमाखू मागायचा. त्या दिवशी तो अंगणातच थांबला. आबांना त्यानं नीट निरखून बघितलं, मग वळून बागेकडं बघितलं, आणि ओट्याकडं बोट करून आवाज खाली घेऊन म्हणाला,

"आबा, तुम्ही ते आठे बसेल शेतस... मंग बागमा रातपासून 'पाव्हणे, बसा, चालू नका' आसं कोन सांगी राह्यना?"